'डूलॅली' म्हणजे आपली देवळालीच का?

प्रश्न असा आला आहे : ब्रिटिश मालिकांमध्ये 'हीज गॉन डूलॅली' म्हणजे 'याचं डोकं फिरलंय' असं ऐकू येतं. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला म्हणतात. खरं, की व्हॉट्सअॅपवरची थाप?

खरं आहे. इंग्रजी कोशही हीच व्युत्पत्ती देतात.

मुळात मात्र 'डूलॅली' एकटा नव्हता. गोऱ्या शिपायांच्या तोंडी होतं 'डूलॅली टॅप'. फ्रेझर आणि गिबन्स यांच्या १९२५ च्या शिपाईबोलीच्या कोशात ही जोडी सापडते. हे टॅप म्हणजे नळ नव्हे आणि टिचकीही नव्हे. हा हिंदुस्तानीतला 'तप', म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप! पुढे मायदेशातल्या लोकांना त्या 'टॅप'चा काही बोध होईना, म्हणून तो गळला असावा.

ताप कसला, तर रिकामपणाचा. मुदत संपलेले शिपाई हिंदुस्थानभरच्या पलटणींतून देवळालीच्या छावणीत यायचे आणि मुंबईहून बोट मिळेपर्यंत तिथेच पडून राहायचे. फौजी बोटी साधारण थंडीच्या हंगामातच सुटत. मार्च उलटला की पुढचे कित्येक महिने ऊन, पाऊस, डास आणि कंटाळा. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायानं १९३६ साली छापलेल्या आठवणींत लिहिलंय, की एरवी ज्यांच्या वागणुकीला बोट लावायला जागा नव्हती असे गडीही इथे येऊन भलत्या भानगडीत पडत आणि घरी जायच्या ऐवजी आधी तुरुंगात जात. त्याच्या मते या शब्दप्रयोगाचं मूळ छावणीतल्या कंटाळ्यात आहे. देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, अशीही एक गोष्ट रंगवून सांगतात. मला तरी तिथे दिवस काढलेल्या माणसाचं म्हणणं जास्त पटतं.

उच्चाराचं म्हणाल तर आपला 'ळ' साहेबाला कुठला यायला! 'देव'चं 'देओ' झालं (छावणीचं स्पेलिंग अजून तेच आहे) आणि घाईत बोलताना 'डू'.

आज हा शब्द ब्रिटनमध्येच जास्त चालतो, तोही थट्टेत. 'चक्रम झालाय', 'सटकलाय' एवढंच त्याचं वजन. खऱ्या मनोरुग्णाबद्दल वापरू नये.

आणि हे शिपाई ज्या घराकडे डोळे लावून बसत त्याला ते 'ब्लायटी' म्हणत. तोही इथलाच शब्द : विलायती.