बाहेर शूटला न्यायला कॅमेरा बॅग कशी निवडावी?

आधी सामान ठरवा, मग बॅग. एक बॉडी आणि दोन लेन्स एवढंच असेल तर स्लिंग बॅग, म्हणजे एका खांद्यावरून तिरकी अडकवायची बॅग, पुरते. पुढे ओढून उभ्याउभ्या लेन्स बदलता येते. ७०-२०० एफ २.८ सारखी लांबचं टिपणारी मोठी झूम लेन्स मात्र एकटीच एक ते दीड किलो भरते. तिथे पाठीवरचीच बॅग हवी, तीही कमरेला रुंद पट्टा असलेली, म्हणजे भार खांद्यांवरून उतरतो. शक्यतो पाठीच्या बाजूने उघडणारी बघा. चिखलात आडवी ठेवून उघडली तरी पट्टे वरच राहतात, शिवाय गर्दीत मागून कुणाला चेन उघडता येत नाही. भली मोठी घेऊ नका, रिकामा कप्पा दिसला की आपण काहीतरी कोंबतोच! रेन कव्हर वेगळं हवंच. ‘वॉटर रेझिस्टंट’ कापड रिमझिम सोसतं, पण जोराच्या पावसात चेनमधून पाणी झिरपतं.