लॅक्रॉस : हंगामाआधी काय बघावं?

प्रश्न : भाचा अमेरिकेत शिकतो. त्याच्या कॉलेजच्या लॅक्रॉस (टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) संघाचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतोय. यंदा संघात दम आहे का, हे कशावरून ओळखायचं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गोल कुणी किती केले ते नंतर. आधी फेसऑफ (मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळवण्यासाठी दोघांतली झटापट) घेणारा गडी संघात आहे, की पदवी घेऊन गेला, ते भाच्याला विचारा. गोल झाला की चेंडू बहुतेक वेळा पुन्हा मध्यावर येतो. तिथं सतत हरलात तर चार गोलांची आघाडीही बघता बघता जाते. मग गोलरक्षक : निम्म्याहून जास्त फटके अडवणारा चांगला. जाळी सहा फूट बाय सहा फूट, त्यामुळे याहून जास्त अपेक्षा धरणं अन्यायच.

पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी १ चा सामना सांगलीत रात्री ११.३० ला दिसेल. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून १०.३० ला.