शंका-समाधान: व्यासपीठावरचं बायबल आणि शनिवारचा ग्रीक वर्ग

*आदरणीय ताई, ख्रिस्तात नमस्कार. आमच्या मंडळीत व्यासपीठावरून जुन्या वळणाचं पवित्र शास्त्र वाचतात. तरुण मुलं मोबाइलवर सोप्या मराठीतलं उघडतात. शब्द जुळत नाहीत, मग भर उपासनेत कुजबुज सुरू होते. वार्षिक सभेत ‘एकच भाषांतर ठेवावं’ असा ठराव येणार आहे. मत कोणाला द्यावं?*
*(पंच कमिटीचे एक सभासद, सांगली)*

ठराव येऊच देऊ नका. हात वर करून भाषांतर ठरवलं की हरलेली बाजू पुढची दहा वर्षं तेच उगाळत बसते.

स्तोत्रं आळीपाळीनं वाचायची असतील तर सगळ्यांच्या हातात एकच मजकूर हवा, आणि तिथं जुनंच चालू द्या. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना तेविसावं स्तोत्र चष्म्याशिवाय येतं, ते याच शब्दांत. पण पौलाची पत्रं संडे स्कूलच्या मुलांपुढे तशीच ठेवणं म्हणजे हाल. इफिसकरांच्या पहिल्या अध्यायातली तिसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतची वचनं ग्रीकमध्ये एकाच वाक्यात आहेत! जुन्या भाषांतरानं ती लांबी सांभाळायची धडपड केलीय, वाचणाऱ्या पोराचा दम जातो. सोप्या भाषांतरानं तुकडे केले. दम वाचला, पण कशामुळे काय हा धागा सैल झाला. अभ्यासाला दोन्ही शेजारी ठेवा, एकानं हे वाचावं, दुसऱ्यानं ते.

‘जुनं’ म्हणजे तरी किती जुनं, हेही कमिटीत एकदा सांगा. बंगालमधल्या सेरामपूरहून मिशनरी विल्यम केरींचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. अमेरिकन मिशनऱ्यांचं संपूर्ण बायबल मुंबईत १८४७ मध्ये पुरं झालं. त्यानंतर सुधारणा होतच राहिल्या, म्हणजे आज ज्याच्यासाठी भांडण चाललंय तेही कधीतरी नवंच होतं. साधी मराठी हे मोबाइलवाल्या पोरांचं खूळ आहे असंही कोणी म्हणू नये. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी तोंडावर त्यांनी ते काम संपवलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी ते छापलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ही कपाटात असू द्या. कॅथलिक म्हणून नाक मुरडू नका. मराठी वाचून बघा आणि मग बोला.

*ताई, आम्ही तरुण संघातर्फे शनिवारी ग्रीक शिकवायचं म्हणतोय. ‘सहा आठवड्यांत मूळ भाषा’ अशा एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात पाहिली, फी बरीच आहे. पाळकसाहेब म्हणतात, विश्वासणाऱ्यांना याची गरज नाही. काय करावं? आणि आधी ग्रीक की हिब्रू?*
*(तरुण संघाचा सेक्रेटरी, सातारा)*

फी भरू नका. सहा आठवड्यांत अक्षरं येतात आणि अहंकार येतो. भाषा यायला दोन वर्षं लागतात.

पाळकसाहेबांचं निम्मं खरं आहे. तुमच्या साताऱ्यातच नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांची भजनं म्हणणाऱ्या आमच्या आज्यांना अल्फा-बीटा कुठं येत होतं? विश्वासाला ग्रीक लागत नाही. पण ज्याला शिकायचंय त्याला अडवू मात्र नये.

आधी ग्रीक घ्या. नव्या करारात सुमारे ५,४०० वेगवेगळे शब्द आहेत. त्यातले पन्नास किंवा जास्त वेळा येणारे तीनशेच्या आसपास पाठ केले, तरी मजकुराचा जवळजवळ चार पंचमांश भाग ओळखीचा होतो. मी संस्कृत शिकवून निवृत्त झाले, म्हणून सांगते: दहावीला संस्कृत घेतलेली पोरं शोधा. विभक्ती त्यांना नवी नाही, आत्मनेपद ठाऊक असतं, आणि नव्या करारातल्या ग्रीकमध्ये द्विवचन नाही म्हटल्यावर तर ती टाळ्या वाजवतात. सुरुवात योहानाच्या शुभवर्तमानापासून करा, शब्द तेच ते येतात. पौल दुसऱ्या वर्षी.

हिब्रूला मात्र उर्दू वाचणारं माणूस पटकन सरावतं. लिहिणं उजवीकडून, मूळ लेखनात मुख्यतः व्यंजनं, स्वरांच्या खुणा नंतर लावलेल्या. तीन व्यंजनांच्या धातूंवर भाषा उभी. हुकूम, हाकीम, हुकमत हे आपल्याकडचे अरबी शब्द फळ्यावर लिहिले की वर्गाला ती रचना लगेच दिसते.

आमच्या सांगलीतल्या वर्गाचा नियम तुम्हीही लावा: ‘मूळ ग्रीकमध्ये तर असं आहे’ असं ज्याला म्हणायचंय, त्यानं आधी ते पूर्ण वचन ग्रीकमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचं. फार शांतता लाभते. पाळकसाहेबांनाही पहिल्या बाकावर बसवा. सेमिनरीतला पेपर त्यांना हळूहळू आठवेल, विरोध आपोआप मावळेल.

*नव्या प्रतीत प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये ३६ नंतर थेट ३८ आहे. छपाईची चूक की कोणी मुद्दाम वचन काढलं? दुकानात परत करू का?*
*(एक वाचक, मिरज)*

तळटीप पाहा, बहुधा ते वचन तिथं असेल. काही आवृत्त्या ते कंसात छापतात. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मस या युरोपातल्या पंडितानं १५१६ मध्ये छापलेल्या ग्रीक नव्या करारात होतं, आणि पुढची कितीतरी भाषांतरं त्या छापील परंपरेवर झाली. वचनांना आकडे १५५१ मध्ये लागले, तेव्हा ३७ हा आकडा त्याला मिळून गेला होता. आता वचन खाली सरकलं, तरी बाकीचे आकडे कोण बदलणार? हबशी अधिकाऱ्यानं त्या वचनात दिलेली, येशू देवाचा पुत्र आहे ही कबुली मत्तय १६:१६ मध्ये पेत्राच्या तोंडी आहेच. मार्क १६ च्या नवव्या वचनापाशीही अशीच टीप सापडेल, तीही वाचा. प्रत परत करू नका, दुकानदार त्याच छपाईची दुसरी देईल.