शहरात राहून माणूस अधिक मोकळा होतो का?

बदलीवर नागपुरात येताना आपण विचारले आहे की मोठ्या शहरात मनात येईल तसे जगता येते का, आणि ही मोकळीक स्वभावातून येते की परिसरातून. मी महाल या नागपूरच्या जुन्या, दाट वस्तीत वाढले आणि आता वर्धा रोडच्या पलीकडच्या एका नव्या लेआउटमध्ये राहते. माझा स्वभाव तोच राहिला, परंतु वागणे बदलले, म्हणून माझे उत्तर परिसराच्या बाजूने आहे.

महालात घरे एकमेकांना लागून असल्यामुळे मैत्रिणीकडे जायला कारण लागत नसे. 'सहज आले' एवढे सांगणे पुरे होई, आणि किराणा, देऊळ, चहाची टपरी हे सगळे पायी अंतरावर असे. मात्र ओट्यावर बसलेली जी माणसे आपुलकीने हाक मारत, तीच 'कुठे निघालीस, कोणासोबत?' हेही विचारत, आणि बडकस चौकात मी कोणाशी बोलले हे माझ्या आधी घरी पोहोचलेले असे. म्हणजे अचानक उठून जाण्याची सोय होती, पण आपले आपण ठरवण्याचा अधिकार फार कमी होता, आणि मुलींसाठी तर तो नव्हताच.

नव्या वस्तीत याच्या नेमके उलट आहे. इथे मला कोणी काही विचारत नाही, आणि ही सुटका मला मनापासून मोलाची वाटते. तरीही पदपथ सलग नाहीत, बाजार दूर आहे, गाडी काढल्याशिवाय काही होत नाही आणि मैत्रिणीकडे जायचे तर आधी फोन करावा लागतो. वर्धा रोडवर मेट्रोसह उभारलेला ३.१४ किलोमीटरचा दुमजली उड्डाणपूल वाहनांना झपाट्याने पुढे नेतो. खालचा रस्ता पायी ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मात्र थांबून राहावे लागते. २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून सीताबर्डीच्या मध्यवर्ती बाजारपेठेत जाणे खरोखर सोपे झाले आहे, पण रात्री स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कसा गाठायचा, हा प्रश्न माझ्या मनात 'जाऊ का?' याच्याही आधी येतो. माझ्या मते स्त्रियांची उत्स्फूर्तता बहुतेक वेळा इथेच संपते, आणि त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

ऊन हेही मोठे कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला जुन्या झाडांखालून चालता येते. नव्या सिमेंटच्या रस्त्यावर तोच माणूस सूर्य मावळेपर्यंत घराबाहेर पडत नाही. झाडे तोडताना आपण लोकांचे बाहेर पडण्याचे तासही कमी करतो, याचा विचार नियोजनात झाला पाहिजे असे मला तीव्रतेने वाटते.

शिवाय काही विकत न घेता बसता येईल अशी जागा हवी. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी विद्यार्थी, कुटुंबे आणि एकटी माणसेही बसलेली दिसतात, आणि तिथे का बसलात असे सहसा कोणी विचारत नाही. स्वभावाने संकोची असलेल्या माणसालाही अशा ठिकाणी हळूहळू मोकळे वाटू लागते.

तेव्हा घर पाहायला याल तर दुपारी दलालाच्या गाडीतून नव्हे, रात्री आठच्या सुमारास पायी या. घरापासून बसथांब्यापर्यंत किंवा मेट्रो स्टेशनपर्यंत चालून पाहा, दिवे लागलेले आहेत का ते बघा, आणि त्या रस्त्यावर एकट्या बाई निर्धास्तपणे चालताना दिसतात का, याकडे विशेष लक्ष द्या.