आधी ते एक वाक्य

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री परिषदेतल्या शोध-पोस्टरची फाइल पाठवलीस आणि खाली लिहिलंस, "सर, रंग बदलू का? काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही." रंग राहू दे. तुझ्या पोस्टरवर अकराशे शब्द आहेत, मी मोजले. सहा तक्ते, चार आलेख, तीन लोगो. आणि किनवटच्या पाण्यात तुला काय सापडलं, ते कुठेही एका वाक्यात लिहिलेलं नाही.

शीर्षक बघ. 'किनवट तालुक्यातील भूजलातील फ्लोराइडच्या स्थलीय व ऋतुनिहाय वितरणाचा अभ्यास.' हा झाला विषय. सापडलं काय? मागच्या आठवड्यात फोनवर तू एका दमात म्हणालीस, "सर, खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, शेजारच्या उथळ विहिरीत कमी." अगं, हेच तुझं पोस्टर! हे वाक्य वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. बाकी जे काही ठेवशील त्यानं याच वाक्याला आधार द्यायचा. जे देणार नाही ते काढ, मग त्यासाठी तू कितीही उन्हात हिंडलेली असलीस तरी.

जीव तुटतो, ठाऊक आहे मला. माझं पहिलं पोस्टर 1998 सालचं. फ्लेक्स नव्हता, चार्ट पेपरवर टाइप केलेले बावीस कागद डकवले होते. मार्गदर्शकांनी बजावलं होतं की सगळं दिसलं पाहिजे, नाहीतर काम केलंच नाही असं वाटेल. दुपारी एक बाई थांबल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, पुतण्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग यातलं कुठलं पाणी प्यायचं नाही?" मी म्हणालो, "तक्ता क्रमांक पाच बघा." त्यांनी चष्मा लावला, थोडा वेळ बघितलं आणि गेल्या.

त्या तक्त्यात सातव्या ओळीत एका शाळेच्या आवारातला हातपंप होता. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. त्या पंपाचं पाणी 4 च्या वर होतं. मी आकडा लपवला नव्हता. दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर छापला होता, आणि अहवालही रीतसर दिला होता. चोवीस वर्षांच्या मुलानं आणखी काय करायचं? हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. दोन वर्षांनी गेलो तेव्हा तोच पंप चालू होता, आणि पाणी भरणाऱ्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. ते पट्टे घासून जात नाहीत. दात हिरडीत घडत असतानाच ते पडतात. त्या बाईंना माझ्याकडून एक वाक्य हवं होतं, आणि मी त्यांना तक्ता दाखवला. म्हणून सांगतो, वाक्य आधी.

2019 साली माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं असंच सुचवलं होतं. निष्कर्ष साध्या भाषेत, पोस्टरच्या मधोमध, लांबून वाचता येईल असा. तपशील कडेला, बाकीचं क्यूआर कोडमध्ये. त्याचा साचा जसाच्या तसा उचलू नकोस, मला तो जरा भकास वाटतो. हट्ट मात्र घे.

आता कामाचं. तुझं पोस्टर ए-झिरो, म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर. ते ए-फोर कागदावर छापून बघ. सगळं चौथ्या हिश्शाचं होतं, म्हणजे तुझा 14 पॉइंटचा मजकूर साडेतीनवर येईल. हातात धरून वाचता आला नाही, तर दीड मीटरवरूनही कुणी वाचणार नाही. 28 च्या खाली जाऊ नकोस. सहा तक्त्यांच्या जागी एकच आलेख ठेव: आडव्या अक्षावर खोली, उभ्यावर फ्लोराइड आणि 1.5 ला एक ठळक रेघ. रेघेच्या वर कोण आणि खाली कोण, हे शेंबड्या पोरालाही कळेल. लाल-हिरवी जोडी टाळ, ती काहींना सारखीच दिसते. निळा आणि नारिंगी घे. कारण दोन ओळींत सांग: खोल भेगांमधलं पाणी ग्रॅनाइटच्या सहवासात फार काळ राहतं, त्यात कॅल्शियम कमी असतं, म्हणून फ्लोराइड विरघळून टिकतं. आणि फ्लेक्सवाल्याकडे फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली, पीडीएफ ने, नाहीतर तुझी जोडाक्षरं मोडतील.

तू लिहिलंस, इतकं सोपं केलं तर परीक्षक हलकं समजतील. समजू देत! ज्याला खोलात जायचंय तो विचारेल, आणि तू तिथे उभी असशीलच. तक्ते पिशवीत ठेव. तुझं काम चोख आहे, मी नोंदवही पाहिली आहे. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, मग निष्कर्ष का लपवतेस?

परिषद झाली की ती गुंडाळी कपाटावर टाकू नकोस. पुढचे नमुने घ्यायला जाशील तेव्हा बरोबर ने आणि ग्रामपंचायतीत विचारून भिंतीवर लाव. खाली एक ओळ वाढव, की पाणी उकळल्यानं फ्लोराइड जात नाही. तिथे पहिला प्रश्न तोच येतो.

रविवारपर्यंत वाक्य पाठव. फाइल नंतर.

तुझा,
सर