कडी आतल्या बाजूला

प्रिय बाळा,

काल तुझ्या आईचा फोन आला. तुरुंगातून सुटून घरी येऊन अकरा दिवस झाले, तरी बंद दारासमोर गेलास की तू नुसता उभा राहतोस, कुणी उघडायची वाट बघतोस. म्हणून ती माउली घाबरली आहे. मी म्हटलं, घाबरू नका ताई, मीही असाच उभा राहायचो. नाशिकरोडच्या तुरुंगात सात वर्षं आणि मग पैठणच्या खुल्या कारागृहात दोन वर्षं काढून मी घरी आलो. कडी आता आपल्या बाजूला आहे हे माझ्या हाताला कळायला महिना लागला.

आत आपण काहीच ठरवत नाही रे. बराक उघडायची कधी, टोटल म्हणजे कैद्यांची मोजणी कधी, जेवण कधी, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. पहिल्या सकाळी वहिनीनं विचारलं, "भाऊजी, पोहे करू की उपमा?" मला उत्तर सुचेना, डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. पुढे मी रोज एक गोष्ट स्वतः ठरवायला लागलो. बाजारात जायचं आणि कुणाला न विचारता एक भाजी आणायची. पहिले आठ दिवस गवारच आणली. घरच्यांनी मुकाट्यानं खाल्ली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तूही असंच एखादं छोटं काम धर.

संध्याकाळी सहालाच भूक लागत असेल, तर सहालाच जेव. अंधारात झोप येत नसेल, तर मोरीतला दिवा चालू ठेव. या सवयींची लाज बाळगू नकोस. त्यांनीच तुला तिथं टिकवलं. हळूहळू जातील.

कागदांचं काम मात्र लांबवू नकोस, आणि क्रम चुकवू नकोस. सुटकेच्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढून ठेव. तुझा जुना नंबर बंद पडला असणार, म्हणून आधी सिम, मग आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडून घे, आणि त्यानंतरच बँक. ओटीपी जुन्या नंबरावर जात राहिला, तर प्रत्येक खिडकीवरून परत फिरशील. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. पैसे कुठं जात नाहीत, शाखेत केवायसी पुन्हा द्यावी लागते एवढंच. मतदार यादीतलं नावही बघ. तुरुंगात असताना मत देता येत नाही, सुटल्यावर येतं. कोर्टाचं काही अडलं, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन कर.

आता जरा अवघड बोलतो. तुझ्या धाकट्या भावानं एवढी वर्षं घर ओढलं. आता त्याच्याकडं बसभाड्याचे पैसे मागताना तुझी मान खाली जाते, हे मला सांगावं लागत नाही. तरीही लगेच मोठा भाऊ व्हायला जाऊ नकोस. तू नसताना त्या घरानं आपली घडी बसवली आहे. तीत तुझी जागा हळूहळू होऊ दे. आल्या आल्या हिशोब विचारलेस, तर तो दुखावेल.

कामाच्या ठिकाणी खोटं बोलू नकोस. मी एका कारखान्यात लपवलं होतं. विसाव्या दिवशी कळलं. मालक म्हणाला, "तुरुंगाचं चाललं असतं, थापेचं नाही." तो बरोबर होता. पुढच्या ठिकाणी आधीच सांगितलं की सुतारकाम नाशिकरोड तुरुंगाच्या कारखान्यात शिकलो. तिथं चौदा वर्षं टिकलो. तीन-चार जण नाही म्हणतील, ते सोसावं लागेल.

जुने दोस्त पार्टीला बोलावतील. सहा महिने तरी जाऊ नकोस.

रविवारी माझ्याकडं ये. एसटीनं एकटा ये, तिकीट स्वतः काढ. वर्कशॉपचं दार लोटलेलं असेल, आवाज देत उभा राहू नकोस. ढकल आणि आत ये.

तुझा,
काका