घरपट्टीचा प्रश्न बेंगळूरला, टोलचा दिल्लीला

सीमाभागातून येणाऱ्या पत्रांत एक तक्रार सारखी असते: खासदारांना निवेदन दिले, फोटो काढला, पेपरात बातमी आली आणि पुढे काहीच झाले नाही. निवेदनाला उत्तर देण्याचे बंधन कुणावर नसते. संसदेने स्वीकारलेल्या प्रश्नाला मात्र मंत्र्यांना ठरल्या दिवशी उत्तर द्यावेच लागते आणि ते कायमचे नोंदीत राहते. दोन राज्यांच्या मध्ये अडकलेल्या आपल्या माणसांनी हे हत्यार नीट वापरायला शिकावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. म्हणून या वेळी सगळी उत्तरे त्याच विषयावर.

सर, आमच्या गावात घरपट्टी एकदम वाढवली. लोकसभेत आवाज उठवा म्हणून बेळगावच्या खासदारांना निवेदन दिले. काही उत्तर नाही. आता काय करावे? (खानापूर तालुका)

तुमचे निवेदन दोनदा चुकीच्या दारात गेले. खानापूर बेळगाव जिल्ह्यात असले तरी लोकसभेला ते उत्तर कन्नड मतदारसंघात येते. कित्तूरचेही तसेच. निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी हे चिकोडी मतदारसंघात. तेव्हा आधी आपला खासदार कोण ते पाहा.

दुसरे आणि महत्त्वाचे म्हणजे, जमीन आणि इमारतींवरचा कर हा राज्यसूचीतला विषय आहे. जी बाब मुळात केंद्र सरकारच्या अखत्यारीत नाही, तिच्यावरचा प्रश्न लोकसभेत दाखलच होत नाही. हा प्रश्न तुमच्या आमदारांनी विधानसभेत ग्रामविकास व पंचायतराज मंत्र्यांना विचारायला हवा. हिवाळी अधिवेशन बहुधा बेळगावच्या सुवर्णविधानसौधमध्येच भरते, तेव्हा आमदारांना गाठायला बेंगळूरला जाण्याचीही गरज नाही. 'वाढ अन्यायकारक आहे काय' असे विचारू नका, त्याला 'नाही' एवढेच उत्तर येते. वाढ कोणत्या ठरावाने झाली, मूल्यांकन कशावर धरले, हरकती किती आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे विचारा.

बेळगाव शहरात याला एक अपवाद आहे. टिळकवाडीत किंवा शहापुरात घरपट्टी महानगरपालिकेची, म्हणजे विषय राज्याचा. कॅम्पात मात्र घरपट्टी कॅन्टोन्मेंट बोर्डाची, आणि बोर्ड संरक्षण मंत्रालयाखाली. रस्ता ओलांडला की तोच प्रश्न थेट दिल्लीच्या संरक्षणमंत्र्यांना विचारता येतो. कॅम्पातल्या रहिवाशांनी हे ध्यानात ठेवावे.

निपाणीत माझे किराणा-भुसार दुकान आहे, जीएसटीत कंपोझिशन घेतले आहे. कागल, मुरगूडकडचे गिऱ्हाईक पूर्वापार आमचे. सीए म्हणतात, महाराष्ट्रात माल पाठवता येणार नाही. खासदारांनी प्रश्न विचारला तर ही अट जाईल का?

सीएंचे बरोबर आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशनमध्ये एक टक्का कर भरून मोकळे होता येते, पण परराज्यात माल विकता येत नाही. कोल्हापूरहून माल आणायला हरकत नाही, बंदी विक्रीवर आहे. पुण्या-हुबळीच्या व्यापाऱ्याला ही अट सहसा जाणवतही नाही. तुमच्या दुकानापासून राज्याची हद्द हाकेच्या अंतरावर असल्याने तुमचा निम्मा बाजारच तिच्यात अडकतो. ही तक्रार रास्त आहे आणि ती लावून धरायला हवी.

त्याआधी बिलाची एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून, गिऱ्हाईक जीएसटीत नोंदणी नसलेले असेल तर बिलावर लिहिलेल्या पत्त्यावरून विक्री कोणत्या राज्यातली ते ठरते. पत्ता नसेल तर दुकानाची जागा धरली जाते. नुसते राज्याचे नाव लिहिले तरी तो पत्ताच मानतात. म्हणजे काउंटरवर येऊन दोन पोती साखर नेणाऱ्याच्या बिलावर 'कागल, महाराष्ट्र' लिहिले की ती आंतरराज्य विक्री झाली आणि तुमचे कंपोझिशन धोक्यात आले. पत्ता गाळून टेम्पो भरून माल पाठवावा, असा याचा अर्थ बिलकूल नाही. पण काउंटरवरची बिले कशी फाडता ते सीएंना आजच दाखवून घ्या.

आता प्रश्नाकडे. 'ही अट सरकार रद्द करणार काय' असे विचारले तर अर्थमंत्रालयाचे उत्तर ठरलेले असते: जीएसटीचे निर्णय जीएसटी परिषदेच्या शिफारशीने होतात. ते खोटे नाही. परिषदेत मताचे वजन केंद्राचे एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. एकट्या दिल्लीला काही करता येत नाही आणि एकट्या राज्यालाही नाही. म्हणून मत विचारायचे नाही, माहिती विचारायची. मी असा मसुदा दिला असता:

(क) कंपोझिशन योजनेत देशात व कर्नाटकात किती करदाते आहेत;
(ख) राज्यांच्या सीमेलगतच्या तालुक्यांतील छोट्या व्यापाऱ्यांना मर्यादित आंतरराज्य विक्रीची मुभा देण्याचा प्रस्ताव परिषदेपुढे आला होता काय;
(ग) असल्यास कोणत्या बैठकीत व काय निर्णय झाला;
(घ) नसल्यास, कोणत्याही राज्याने तसा प्रस्ताव पाठवला आहे काय?

यातला (घ) सर्वांत मोलाचा. त्याला 'नाही' असे उत्तर आले तर ते घेऊन तुमच्या व्यापारी संघटनेला कर्नाटकाच्या परिषदेवरील प्रतिनिधीकडे जाता येते: तुम्ही हे कधी मागितलेलेच नाही, हा घ्या दिल्लीचा कागद. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनी महाराष्ट्राच्या प्रतिनिधीकडे हेच करावे, कारण कागलच्या दुकानदाराची अडचण नेमकी तुमच्यासारखीच आहे. मागणी अशक्य कोटीतली नाही. कंपोझिशनवाल्यांना ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकायला पूर्ण बंदी होती, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती उठलीच ना.

मसुदा १५० शब्दांच्या आत ठेवा, लोकसभेचा तसा नियम आहे. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. अर्थमंत्रालयाचा वार लोकसभेत सोमवार, राज्यसभेत मंगळवार. अधिवेशन सुरू झाल्यावर खासदारांकडे धावलात तर उशीर झालेला असतो.

ऊस जाऊन चार महिने झाले, बिल नाही. कारखान्याचे लोक म्हणतात, आयकराची जुनी थकबाकी आहे म्हणून पैसे अडकले. कृषिमंत्र्यांना प्रश्न विचारता येईल का? (अथणी तालुका)

ऊस शेतातला असला तरी साखर कृषिमंत्र्यांकडे नाही, अन्न व सार्वजनिक वितरण खात्याकडे आहे. तिथेच पहिली गाडी चुकते.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराने, पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. एफआरपी केंद्राची असल्याने तुमचा ऊस हद्दीपलीकडच्या कारखान्याला गेला असला तरी हाच आदेश लागू. पण थकलेले पैसे महसुली थकबाकीसारखे वसूल करायचे काम राज्य सरकारच्या यंत्रणेचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसला ऊस उत्पादक रस्त्यावर बसले तेव्हा तोडगा राज्य सरकारलाच काढावा लागला, हे तुम्ही पाहिलेच आहे. म्हणून प्रश्न दोन्हीकडे हवेत. लोकसभेत राज्यनिहाय थकबाकी विचारा. विधानसभेत कारखान्याचे नाव घालून विचारा: किती थकले, वसुलीचा आदेश कधी निघाला, व्याज किती शेतकऱ्यांना दिले. व्याजाचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तुम्ही तो सोडू नका.

आयकराचे कारण मात्र तपासून घ्या. सहकारी कारखान्याने ठरलेल्या दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम आयकर खाते नफावाटप धरून त्यावर कर मागत होते, हे खरे. २०१६-१७ या आकारणी वर्षापासून कायद्यातच दुरुस्ती झाली. त्याआधीच्या वर्षांचा दिलासा निर्मला सीतारामन यांनी २०२३ च्या अर्थसंकल्पात दिला. सुमारे १०,००० कोटींचा फायदा होईल असे त्यांनी सभागृहात सांगितले. हे सहकारी कारखान्यांपुरते आहे. तुमचा कारखाना खासगी असेल तर ही सबबच लागू पडत नाही. आणि सहकारी असला तरी आयकर थकला म्हणून शेतकऱ्याचे १४ दिवस पुढे सरकत नाहीत.

तारांकित प्रश्न चांगला की अतारांकित? आमचे खासदार प्रश्न कमी विचारतात असे मोबाइलवर फिरते. (विद्यार्थिनी, बेळगाव)

तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि वर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० लागतात, तासाभरात त्यातले थोडेच पुकारले जातात. अतारांकित दिवसाला २३०, उत्तर लेखी. आकडे हवे असतील तर अतारांकित पुरे. मंत्र्यांना धोरणावर बोलते करायचे असेल तर तारांकित.

नुसत्या संख्येवरून खासदार जोखू नका. मंत्री असलेला सदस्य प्रश्न विचारत नाही. बेळगावचे सुरेश अंगडी २०१९ ते २०२० रेल्वे राज्यमंत्री होते, त्या काळात ते उत्तरे देणाऱ्यांच्या बाकावर होते. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने प्रश्न शोधा आणि त्यातले आपल्या जिल्ह्याबद्दलचे किती ते वाचा. वर्गातल्या पाच-सहा जणींनी मिळून एका अधिवेशनाचे प्रश्न वाचून काढलेत तर मला जरूर लिहा.

हत्तरगी आणि गणेबैल टोलबद्दल कुणाला विचारायचे?

रस्ते वाहतूक मंत्र्यांना. टोल हा कर नसून २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांखालचे शुल्क आहे. रस्त्याचा खर्च, आजवरची वसुली आणि कराराची मुदत, एवढे तीनच आकडे मागा. तोवर २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना घरच्या गाडीसाठी मासिक पास मिळतो, तो काढून घ्या.

आमच्या मराठीच्या प्रश्नावर इथले खासदार बोलत नाहीत. महाराष्ट्रातले खासदार विचारू शकतात का? पत्र मराठीत चालेल? (येळ्ळूर)

विचारू शकतात. खासदार देशाच्या कोणत्याही भागाबद्दल प्रश्न विचारू शकतो, मग तो कोल्हापूरचा असो की नागपूरचा. पण शब्द जपून निवडा. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे आणि न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न स्वीकारत नाहीत. 'बेळगाव कुणाचे' असा प्रश्न गेला की तो कार्यालयातच थांबतो, आणि पुन्हा आपल्याच लोकांचा हिरमोड होतो.

वाट दुसरी आहे. घटनेच्या कलम ३५० ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा आयुक्त असतो, त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवावे लागतात, आणि विषय अल्पसंख्याक मंत्रालयाकडे येतो. आयुक्तांनी बेळगाव जिल्ह्याची पाहणी शेवटची कधी केली, मराठी कागदपत्रांबाबत कर्नाटकाला काय शिफारशी केल्या, राज्याने काय कळवले, हे सगळे विचारता येते. दाव्याला हात न लावता आपल्या जमिनीच्या उताऱ्याचा, नोटिसांचा आणि शाळांचा विषय दिल्लीच्या नोंदीत येतो. गेली कित्येक वर्षे मी हेच सांगत आलो आहे.

पत्र खुशाल मराठीत लिहा. तक्रारीचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क कलम ३५० ने दिला आहे. प्रश्नाची सूचना मात्र खासदारांना हिंदी किंवा इंग्रजीत द्यावी लागते, तेव्हा सोबत तसा मसुदा जोडा.

आमच्या प्रश्नाला उत्तर आले: 'माहिती संकलित केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.' दोन वर्षे झाली. विषय संपला का? (संकेश्वर)

संपलेला नाही. असे वाक्य आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते, नाही तर मंत्रालयाला शासकीय आश्वासन समितीकडे मुदत वाढवून मागावी लागते. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख शोधून काढा. ज्या खासदारांनी प्रश्न विचारला त्यांना त्या दोन गोष्टी घालून एका पानाचे पत्र द्या: आश्वासन पुरे झाले का, मुदतवाढ कितीदा घेतली, समितीकडे विचारणा करावी. खासदार बदलले असतील तर नव्या खासदारांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.